दिल्लीच्या मांडवात कोणाचे प्रतिनिधी?

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीच्या उत्तरेकडच्या मैदानात लॉर्ड लिटनने दरबार भरवला. व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानची सम्राज्ञी हा किताब धारण केल्याची घोषणा तिथे व्हायची होती. हत्ती, तंबू, तोफांच्या सलामी आणि देशभरातून बोलावलेले राजेरजवाडे अशा त्या थाटात पुण्याचे एक वकील स्वतः कातलेल्या सुताच्या जाड्याभरड्या पांढऱ्या कपड्यांत हजर होते. त्यांचे नाव गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका. पुणे सार्वजनिक सभेच्या वतीने ते मानपत्र घेऊन आले होते आणि त्या मानपत्रात एक स्पष्ट मागणी होती. राणीच्या इंग्रज प्रजेला जो राजकीय आणि सामाजिक दर्जा आहे तोच हिंदी प्रजेला मिळावा. त्याच हिवाळ्यात दख्खन दुष्काळाने होरपळत होता.

दरबाराला आलेले संस्थानिक आपापल्या गादीच्या हक्काने आले होते. काकांचा हक्क वेगळा होता. २ एप्रिल १८७० रोजी सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हा तिने सभासद होण्यासाठी एक अट घातली होती. किमान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणल्याशिवाय कोणाला सभेचा सभासद होता येत नसे. सुरुवातीचे ९५ सभासद सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारी घेऊन आले होते. पर्वतीच्या देवस्थानाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारींतून जन्मलेल्या या संस्थेने देशात कुठेही निवडणुका नसताना एक तत्त्व घालून दिले: लोकांच्या नावाने बोलणाऱ्याने आधी लोकांचा कागद दाखवावा.

पुढच्या दीडशे वर्षांत दिल्लीने राष्ट्रीय पक्षांची कितीतरी अधिवेशने पाहिली. प्रत्येक मांडवात व्यासपीठावर कोण बसले याची नोंद इतिहासाने ठेवली. समोर बसलेल्या प्रतिनिधींचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला गेला. ते कुठून आले, त्यांना कोणी निवडले आणि त्यांची यादी कोणाच्या हातात होती, या तीन प्रश्नांवर पक्षांचे भवितव्य अनेकदा ठरले. महाराष्ट्राला तर याचा अनुभव अगदी अलीकडे, थेट निवडणूक आयोगाच्या दारात आला.

काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यात भरायचे होते. कॉलऱ्याची साथ आल्यामुळे ते मुंबईला हलवले गेले आणि २८ डिसेंबर १८८५ रोजी गोवालिया टँकजवळच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ प्रतिनिधी जमले. पुण्याहून कृष्णाजी लक्ष्मण नूलकर, सीताराम हरी चिपळूणकर, वामन शिवराम आपटे आणि गोपाळ गणेश आगरकर आले होते. न्यायमूर्ती रानडेही मांडवात होते, पण सरकारी नोकरीत असल्यामुळे प्रतिनिधी म्हणून त्यांची गणना होऊ शकली नाही. त्या ७२ जणांना कोणी मते देऊन निवडले नव्हते. शहराशहरांतल्या सभा आणि मंडळे यांनी पाठवले ते आले, काही जण केवळ निमंत्रणावरून आले.

चार वर्षांत ही मोकळीक पेलेनाशी झाली. १८८९ च्या मुंबई अधिवेशनाला प्रतिनिधी आले १८८९, वर्षाच्या आकड्याइतकेच. मांडवाला एवढी गर्दी सोसेना, म्हणून त्याच अधिवेशनाने दर दहा लाख लोकसंख्येमागे पाच प्रतिनिधी अशी मर्यादा घातली. काँग्रेसच्या इतिहासात लोकसंख्या आणि प्रतिनिधी यांचे गणित पहिल्यांदा मांडले गेले ते इथे. ते काटेकोरपणे पाळले गेले असे नाही. ज्या गावी अधिवेशन, त्या गावचे आणि आसपासचे प्रतिनिधी भरमसाट आणि दूरच्या प्रांतांचे मूठभर, ही स्थिती पुढे बरीच वर्षे टिकली. म्हणूनच अधिवेशन कुठे भरवायचे हा प्रश्न सोयीपेक्षा बळाचा होऊन बसला.

१९०७ साली त्याचाच स्फोट झाला. अधिवेशन नागपूरला भरायचे होते. तिथे टिळकपक्षाचे बळ मोठे, म्हणून ते मवाळांचे वर्चस्व असलेल्या सुरतेला नेण्यात आले. २७ डिसेंबरला टिळकांनी स्वागताध्यक्ष मालवी यांच्याकडे चिठ्ठी पाठवली: अध्यक्षांच्या निवडीच्या ठरावावर आपल्याला बोलायचे आहे. उत्तर आले नाही. तेव्हा ते स्वतः व्यासपीठावर चढले आणि प्रतिनिधी या नात्याने सभेपुढे बोलण्याचा आपला हक्क आहे असे सांगून तिथेच उभे राहिले. मग दक्षिणी जोडा भिरकावला गेला, खुर्च्या उडाल्या आणि अधिवेशन मोडले. जोड्याची गोष्ट सगळ्यांच्या लक्षात राहिली. त्यानंतर जे घडले त्याचे महत्त्व मात्र जास्त आहे. १९०८ मध्ये मवाळांनी काँग्रेसची घटना केली आणि प्रतिनिधी निवडण्याचा अधिकार काँग्रेस कमिट्या आणि त्यांनी मान्य केलेल्या संस्था यांच्यापुरता ठेवला. एका कलमाने टिळकांच्या अनुयायांना मांडवाचे दार बंद झाले. टिळकांना त्याच वर्षी मंडालेला पाठवण्यात आले.

ते दार उघडायला सात वर्षे लागली आणि ते उघडले तेही कलमानेच. १९१५ च्या मुंबई अधिवेशनाने नियम सैल केला. वैध मार्गाने स्वराज्य मिळवणे हे ध्येय मानणाऱ्या आणि दोन वर्षे जुन्या असलेल्या कोणत्याही संस्थेच्या विद्यमाने भरलेल्या जाहीर सभेला प्रतिनिधी निवडता येऊ लागले. पुढच्याच वर्षी महाराष्ट्रातले प्रतिनिधी खास गाडी करून टिळकांबरोबर लखनौला पोचले.

दिल्लीत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले ते डिसेंबर १९१८ मध्ये. दिल्ली राजधानी जाहीर होऊन सात वर्षे झाली होती. १९१२ मध्ये ती पंजाबातून वेगळी काढून चीफ कमिशनरच्या हाती देण्यात आली होती. तटबंदीच्या आतले जुने शहर तसेच नांदत होते आणि रायसीनाच्या टेकडीवर नव्या राजधानीचे काम चालू होते. नुकतीच इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली होती. या अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून निवड झाली होती लोकमान्य टिळकांची. पण व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या बदनामीच्या खटल्यासाठी ते विलायतेला गेले होते, त्यामुळे मदनमोहन मालवीय अध्यक्ष झाले. दहा वर्षांपूर्वी ज्या पुढाऱ्याच्या अनुयायांना प्रतिनिधी होण्याची मनाई होती, त्यालाच प्रतिनिधींनी अध्यक्षपद दिले होते. मधल्या काळात प्रतिनिधी निवडण्याची रीत बदलली होती.

या मांडवात दोन गोष्टी नव्या होत्या. मवाळ पुढारी बहुतांशी बाहेर राहिले, कारण माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या प्रश्नावर त्यांनी वेगळी परिषद भरवली होती. आणि मालवीयांचा पाठिंबा असलेल्या संयुक्त प्रांताच्या किसान सभेकडून शेतकरी मोठ्या संख्येने आले. वकील, डॉक्टर आणि संपादक यांच्या रांगांमागे कुळे बसलेली काँग्रेसने याआधी फारशी पाहिली नव्हती. युद्धानंतरच्या शांतता परिषदेसाठी या अधिवेशनाने टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे सुचवली. सरकारने ती मानली नाहीत, हे वेगळे.

स्वागताध्यक्ष होते हकीम अजमल खान. बल्लीमारानातल्या शरीफ मंझिलमध्ये राहणारे हे घराणे पिढ्यान्‌पिढ्या हकिमीचे. दिल्लीचे प्रतिनिधित्व म्हणजे काय, हे त्यांच्याकडे पाहिले की कळते. त्यांची नाडीपरीक्षा गल्लीतल्या माणसापासून नबाबापर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. त्यांनी उभारलेल्या तिब्बिया कॉलेजात युनानी आणि आयुर्वेद एका छपराखाली शिकवले जात आणि त्याच्या इमारतीचे उद्घाटन फेब्रुवारी १९२१ मध्ये गांधीजींनी केले. त्याच वर्षअखेर अहमदाबादच्या अधिवेशनासाठी निवडलेले अध्यक्ष चित्तरंजन दास तुरुंगात होते, तेव्हा हकीमसाहेबांनी अध्यक्षपद सांभाळले. १९२७ मध्ये मद्रासच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झालेले डॉ. मुख्तार अहमद अन्सारी हेही दिल्लीचेच. दर्यागंजमधले त्यांचे घर बाहेरगावच्या पुढाऱ्यांचा हक्काचा मुक्काम होता. १९३१ मध्ये आयर्विनशी बोलणी करताना गांधीजी तिथेच उतरले होते. लोकसंख्येच्या हिशोबाने दिल्लीच्या वाट्याला थोडेच प्रतिनिधी येत. तरीही सहा वर्षांत काँग्रेसला दोन अध्यक्ष देणारे शहर केवळ यजमान नव्हते.

प्रतिनिधींच्या गणिताला खरी शिस्त आणली ती १९२० च्या नागपूर अधिवेशनाने. तिथे साडेचौदा हजारांहून जास्त प्रतिनिधी लोटले होते. एवढ्या जमावात ठरावावर विचार होणे शक्यच नव्हते. गांधीजींनी नव्या घटनेचे काम हाती घेतले तेव्हा टिळकांच्या बाजूने नरसिंह चिंतामण केळकर यांचे नाव त्यांच्या सोबतीला देण्यात आले होते. ही घटना नागपूरला मंजूर झाली. चार आणे वर्गणी भरणारा सभासद, त्याच्यावर तालुका, जिल्हा आणि प्रांत अशा कमिट्यांची उतरंड आणि दर पन्नास हजार लोकसंख्येमागे एक प्रतिनिधी, असा तिचा सांगाडा होता. देशाचे २१ काँग्रेस प्रांत पडले, बहुतेक भाषेच्या पायावर. दिल्ली हा त्यांतला एक स्वतंत्र प्रांत ठरला. मराठी मुलूख मात्र चार ठिकाणी विभागला गेला: मुंबई शहर, पुणे हे मुख्य ठाणे असलेला महाराष्ट्र, नागपूरचा मराठी मध्यप्रांत आणि अमरावतीचा वऱ्हाड. मराठी प्रतिनिधी अधिवेशनाला जात ते या चार वेगवेगळ्या पाट्यांखाली.

नव्या पद्धतीने निवडलेले प्रतिनिधी दिल्लीत जमले ते सप्टेंबर १९२३ च्या खास अधिवेशनाला. वाद होता कौन्सिलप्रवेशाचा. गांधीजी तुरुंगात, चौरीचौराचा आघात ताजा, आणि नोव्हेंबरात कौन्सिलांच्या निवडणुका. कौन्सिलात जाऊन सरकारला अडवावे म्हणणारे फेरवादी एकीकडे, बहिष्कार ढळू देऊ नये म्हणणारे नाफेरवादी दुसरीकडे. महाराष्ट्रात ही फूट घराघरात शिरली होती. केळकर आणि बॅरिस्टर जयकर फेरवादी, तर गंगाधरराव देशपांडे नाफेरवादी. नऊ महिन्यांपूर्वी गयेच्या अधिवेशनात प्रतिनिधींनी जवळपास दुप्पट मतांनी कौन्सिलप्रवेश फेटाळला होता. दिल्लीत अध्यक्षपदी होते मौलाना अबुल कलाम आझाद, वय पस्तिशीच्या आत. नुकतेच तुरुंगातून सुटलेल्या मौलाना महंमद अलींनी तडजोडीचा ठराव मांडला: ज्यांना धर्माची किंवा सदसद्विवेकाची हरकत नाही, त्यांनी निवडणूक लढवावी आणि मतदान करावे. ठराव संमत झाला. गयेला ठरलेली गोष्ट दिल्लीत फिरली आणि तरी पक्ष फुटला नाही, कारण दोन्ही बाजूंना मांडवातली शिरगणती मान्य होती. हरलेला गटही यादीवर बोट ठेवत नव्हता.

त्यानंतरचे दिल्ली अधिवेशन मांडवाशिवाय झाले. १९३२ मध्ये सविनय कायदेभंगाची दुसरी फेरी चालू होती आणि काँग्रेस बेकायदा ठरवली गेली होती. सरकारने अधिवेशनावर बंदी घातली. नियोजित अध्यक्ष मालवीय यांना अधिवेशनाआधीच अटक झाली. देशभरातून निघालेल्या प्रतिनिधींपैकी कित्येक वाटेतच पकडले गेले. तरीही २४ एप्रिल रोजी चांदणी चौकात घंटाघराखाली पाचशेच्या आसपास माणसे एकदम गोळा झाली. टाउन हॉलसमोरचा हा भाग म्हणजे जुन्या दिल्लीची ऐन बाजारपेठ. तिथल्या गर्दीत कोण खरेदीला आले आहे आणि कोण अधिवेशनाला, हे पोलिसांना वेळेवर कळले नाही. अहमदाबादहून आलेल्या एका शेठजींनी अध्यक्षपद सांभाळले. पूर्ण स्वातंत्र्याचे ध्येय आणि कायदेभंग चालू ठेवण्याचा निर्धार सांगणारे ठराव वाचले गेले, हात वर झाले आणि धरपकड सुरू झाली. काँग्रेसच्या अधिवेशनांच्या क्रमात हे अधिवेशन रीतसर मोजले जाते. ते घंटाघर आज उभे नाही. त्या अधिवेशनाला बिल्ला नव्हता, बैठकव्यवस्था नव्हती. प्रतिनिधी असल्याचा पुरावा होता तो अटक करून घेण्याची तयारी.

१९३४ च्या मुंबई अधिवेशनाने प्रतिनिधींची संख्या सहा हजारांच्या घरातून दोन हजारांवर आणली आणि त्यांतला मोठा हिस्सा खेड्यांसाठी राखला. नेमणुकीला वावच राहिला नाही असे नाही, पण प्रतिनिधी हा सभासदांच्या मतांवर येणारा माणूस झाला आणि त्याच्या मताला धार आली. जानेवारी १९३९ मध्ये अध्यक्षपदासाठी सुभाषचंद्र बोस आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्यात लढत झाली. प्रतिनिधींनी आपापल्या प्रांतात मते टाकली. गांधीजींचा पाठिंबा पट्टाभींना असूनही सुभाषबाबू दोनशेहून अधिक मतांनी निवडून आले. देशातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या इच्छेविरुद्ध प्रतिनिधी कौल देऊ शकत होते. पुढे सुभाषबाबूंना राजीनामा द्यावा लागला हा इतिहास कटू आहे, पण मतमोजणी खोटी असे कोणी म्हणाले नाही.

स्वातंत्र्यानंतरची पहिली मोठी लढत मराठी माणसाला जवळची आहे. १९५० च्या नाशिक अधिवेशनासाठी अध्यक्षपदाचे तीन उमेदवार होते. पुरुषोत्तमदास टंडन यांना १३०६ मते मिळाली, आचार्य कृपलानींना १०९२ आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव यांना २०२. सरदार पटेलांचे बळ टंडन यांच्यामागे होते, नेहरूंची पसंती कृपलानींना होती. पंतप्रधानांचा कल माहीत असूनही प्रतिनिधींनी दुसऱ्याला निवडले. एक वर्ष ओढाताण चालली. सप्टेंबर १९५१ मध्ये दिल्लीत महासमितीच्या (अखिल भारतीय काँग्रेस कमिटीच्या) बैठकीत टंडन यांनी पद सोडले आणि नेहरू स्वतः अध्यक्ष झाले. ऑक्टोबरात दिल्लीतच त्यांच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. इथून पंतप्रधान आणि पक्षाध्यक्ष ही दोन पदे एका हाती येण्याचा पायंडा पडला. प्रतिनिधींची मते पुढे कमी निर्णायक होत गेली, त्याची सुरुवात इथे शोधावी लागते.

त्याच महिन्यात, २१ ऑक्टोबर १९५१ रोजी, दिल्लीच्या रघुमल आर्य कन्या विद्यालयात श्यामाप्रसाद मुखर्जींच्या नेतृत्वाखाली भारतीय जनसंघाची स्थापना झाली. शाळेच्या आवारात भरलेली ती परिषद काँग्रेसच्या थाटापुढे लहान होती. २९ वर्षांनी एप्रिल १९८० मध्ये त्याच परंपरेतल्या कार्यकर्त्यांची परिषद फिरोजशाह कोटला मैदानावर भरली. तिला तीन हजारांहून अधिक प्रतिनिधी आले आणि ६ एप्रिल रोजी भारतीय जनता पक्ष जन्मला. अटलबिहारी वाजपेयी पहिले अध्यक्ष झाले. जनता पक्षात राहावे की वेगळी चूल मांडावी, हा निर्णय त्या मैदानातल्या प्रतिनिधींच्या साक्षीने झाला. या पक्षाच्या घटनेतही राष्ट्रीय अध्यक्ष निवडण्यासाठी राष्ट्रीय परिषद आणि प्रदेश परिषदांच्या सदस्यांचा मतदारसंघ आहे. प्रत्यक्षात आजवर अध्यक्षपदासाठी मतदान करण्याची वेळ आलेली नाही. नाव एकमताने ठरते.

प्रतिनिधींच्या यादीचे मोल न्यायालयात सिद्ध झाले ते १९६९ च्या काँग्रेस फुटीत. १२ नोव्हेंबर रोजी पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांच्या गटाने इंदिरा गांधींना पक्षातून काढले. दहा दिवसांनी इंदिरा गांधींच्या बाजूच्या सदस्यांनी मागणीपत्रावर सह्या गोळा करून दिल्लीत महासमितीची बैठक भरवली. तेव्हाचे गृहमंत्री यशवंतराव चव्हाण या वादळात कोणत्या बाजूला जाणार याकडे देशाचे लक्ष होते. ते इंदिरा गांधींबरोबर राहिले. डिसेंबरात त्या गटाचे अधिवेशन जगजीवनराम यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईला भरले. खरी काँग्रेस कोणाची आणि बैलजोडी हे चिन्ह कोणाचे, हा वाद निवडणूक आयोगापुढे गेला. आयोगाने खासदार-आमदार मोजले आणि त्याबरोबर महासमितीचे सदस्य आणि फुटीआधीच्या यादीतले प्रतिनिधीही मोजले. दोन्हीकडे जगजीवनराम गटाचे बहुमत निघाले. नोव्हेंबर १९७१ मध्ये सादिक अली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी मान्य केली. फुटीच्या वेळी प्रतिनिधींची यादी हाताशी होती आणि तिच्यावर दोन्ही गटांचा विश्वास होता, म्हणून संघटनेतले बहुमत मोजता आले.

त्यानंतर काँग्रेसनेच ती यादी जपली नाही. पक्षांतर्गत निवडणुका जवळपास वीस वर्षे झाल्या नाहीत. वरून नावे येत आणि खाली टाळ्या पडत. १९९२ च्या तिरुपती अधिवेशनात नरसिंह रावांनी कार्यसमितीच्या जागांसाठी मतदान घेतले तेव्हा जुन्या कार्यकर्त्यांना हुरूप आला. अर्जुनसिंह, शरद पवार असे नेते निवडून आले. पण निवडून आलेल्यांत दलित, आदिवासी आणि महिला नाहीत या कारणावरून राजीनामे घेण्यात आले आणि कार्यसमिती पुन्हा नेमणुकीने बनली. कारण खरे होते. त्यावर उपाय म्हणून राखीव जागा ठेवून पुन्हा मतदान घेता आले असते. ते झाले नाही.

१९९७ मध्ये अध्यक्षपदासाठी पुन्हा मतदान झाले. सीताराम केसरींना ६२२४ मते, शरद पवारांना ८८२ आणि राजेश पायलट यांना ३५४. ज्यांच्या हातात संघटना, त्यांच्याच हातात प्रतिनिधींची यादी, असे पराभूत गटांचे गाऱ्हाणे तेव्हापासून आहे. २००० साली सोनिया गांधींना ७४४८ मते मिळाली आणि जितेंद्र प्रसाद यांना ९४. ऑक्टोबर २०२२ मध्ये मल्लिकार्जुन खर्गे ७८९७ विरुद्ध १०७२ मतांनी शशी थरूर यांना हरवून निवडून आले, ४१६ मते बाद ठरली. त्या निवडणुकीआधी काही खासदारांनी लेखी मागणी केली होती की मतदार असलेल्या प्रतिनिधींची यादी सर्वांना पाहू द्या. आपल्याला कोण मत देणार आहे हेच उमेदवाराला ठाऊक नसेल, तर त्याने प्रचार करायचा कोणापुढे, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. महाराष्ट्राच्या प्रतिनिधींनी दादरच्या टिळक भवनात मत टाकले.

मधल्या काळात अधिवेशनांचा पसारा वाढला. डिसेंबर २०१० मध्ये काँग्रेसने १२५ व्या वर्षाचे महाअधिवेशन दिल्लीच्या उत्तर टोकाला बुराडीत भरवले, जुन्या दरबार मैदानापासून हाकेच्या अंतरावर. २०१८ चे महाअधिवेशन इंदिरा गांधी बंदिस्त क्रीडागारात झाले. वातानुकूलित सभागृह, पडद्यावर दिसणारे भाषण आणि गळ्यातले ओळखपत्र यांत प्रतिनिधीची सोय चांगली झाली. ठरावाला उपसूचना मांडून ती मताला टाकण्याची जुनी चाल मात्र मागे पडली.

डाव्या पक्षांनी या बाबतीत वेगळी शिस्त ठेवली आहे, तिची नोंद घ्यायला हवी. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे महाअधिवेशन साधारण तीन वर्षांनी भरते. प्रतिनिधी शाखेपासून पायरीपायरीने निवडत वर येतात. अधिवेशनात प्रत्येक प्रतिनिधीकडून वय, शिक्षण, पक्षातली वर्षे, तुरुंगवास अशी माहिती लिहून घेतली जाते आणि तिचा गोषवारा सभागृहात वाचला जातो. एप्रिल २००५ मध्ये दिल्लीत भरलेल्या अशाच अधिवेशनाने प्रकाश करात यांना सरचिटणीस केले. तिथेही केंद्रीय समितीची नावे नेतृत्वाकडूनच मांडली जातात आणि विरोध दुर्मीळ असतो. पण एप्रिल २०२५ मध्ये मदुराईला महाराष्ट्रातले कामगार नेते डी. एल. कराड यांनी मांडलेल्या यादीविरुद्ध उभे राहून मतदान घ्यायला लावले. त्यांना ३१ मते मिळाली. ते हरले, पण मतमोजणी झाली आणि आकडा सगळ्यांना कळला.

महाराष्ट्राला या इतिहासाचा धडा मिळाला तो दिल्लीतच. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसचे राष्ट्रीय अधिवेशन तालकटोरा स्टेडियममध्ये झाले आणि शरद पवारांची पुन्हा अध्यक्षपदी निवड जाहीर झाली. पुढच्या वर्षी पक्ष फुटला, तेव्हा याच निवडीच्या वैधतेवर दुसऱ्या गटाने आयोगापुढे आक्षेप घेतला. ६ फेब्रुवारी २०२४ च्या निकालात आयोगाने संघटनेतल्या बहुमताच्या दाव्यांत गंभीर विसंगती असल्याचे नोंदवले आणि आमदार-खासदारांच्या संख्येवर पक्षाचे नाव आणि घड्याळ हे चिन्ह अजित पवार गटाला दिले. त्याआधी १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेच्या वादातही तसेच झाले होते. शिवसेनेच्या घटनेत प्रतिनिधी सभा होती. पण २०१८ मध्ये घटनेत केलेले बदल आयोगाकडे नोंदवलेले नव्हते आणि साऱ्या नेमणुका एका व्यक्तीच्या हाती असलेली रचना लोकशाहीला धरून नाही, असे मत आयोगाने दिले. संघटनेतले बहुमत समाधानकारकपणे ठरवता येत नाही, म्हणून विधिमंडळातले बहुमत मोजले गेले आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे गटाकडे गेला. दोन्ही प्रकरणे सर्वोच्च न्यायालयात गेली.

या निकालांबद्दल महाराष्ट्रात तीव्र मतभेद आहेत आणि ते राहतील. पण १९७१ शी तुलना केली की एक गोष्ट लपत नाही. तेव्हा आमदार-खासदारांबरोबर प्रतिनिधीही मोजता आले, कारण त्यांची निवड झालेली होती आणि यादी निर्विवाद होती. २०२३-२४ मध्ये ज्या शाखाप्रमुखांनी, तालुकाध्यक्षांनी आणि बूथवर राबणाऱ्या कार्यकर्त्यांनी हे पक्ष उभे केले, त्यांच्या मताला वजन देण्याजोगा विश्वासार्ह कागदच आयोगापुढे नव्हता. पक्ष कोणाचा, हे मग निवडून आलेल्या मूठभर आमदारांनी ठरवले.

कायदाही इथे तोकडा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २९अ खाली पक्षांची नोंदणी होते, पण अंतर्गत निवडणुका प्रामाणिकपणे घेतल्या नाहीत म्हणून नोंदणी रद्द करण्याचा अधिकार आयोगाला नाही. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तसे स्पष्ट केले. शिवसेनेच्या निकालात आयोगाने सगळ्याच पक्षांना सल्ला दिला: आपली घटना, पदाधिकाऱ्यांची माहिती आणि अंतर्गत निवडणुकांचा तपशील संकेतस्थळावर नियमित टाका. तो सल्लाच राहिला आहे.

तो सक्तीचा होण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. कोणत्याही पक्षाचा सभासद असलेल्या वाचकाने आपल्या तालुका कार्यालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: आपल्या भागातून राष्ट्रीय अधिवेशनाला प्रतिनिधी म्हणून कोण जातो, त्याची निवड कोणत्या बैठकीत झाली आणि त्या बैठकीचे इतिवृत्त कुठे आहे. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या सहा हजार लोकांनी सह्या करून आपली मुखत्यारी दिली होती आणि ती कोणाला दिली हे त्यांना माहीत होते. आज सभासदांची संख्या कोट्यवधींत सांगणाऱ्या पक्षांकडून निदान तेवढी माहिती मागून घ्या.